कॅन्सरवर संशोधन करायचंय, पण पैसा कुठून आणू?

आधी पत्र, थोडं कमी करून देते:

‘मॅडम, नाव छापू नका. मी बीड जिल्ह्यातल्या एका तांड्यावरची. आईवडील दर साली दसरा झाला की ऊसतोडीला जातात. मी आश्रमशाळेत राहून शिकले. यंदा प्राणिशास्त्रात एमएस्सी झाले, ६८ टक्के पडले. माझी याडी (आई) बत्तीस वर्षांची होती तेव्हा तिची पिशवी काढली. अंगावर पांढरं जायचं. डॉक्टर म्हणाले, ठेवली तर कॅन्सर होईल. मुकादमाकडून जास्तीची उचल घेतली आन् ऑपरेशन केलं. तेव्हापासून तिची कंबर धरते, मोळी उचलवत नाही. मला कॅन्सरवर पीएचडी करायची आहे. भाऊ म्हणतो बीएड कर, शाळेवर लागशील. कॉलेजातले एक सर म्हणतात, माझ्याकडं नोंदणी करून टाक, फेलोशिपचं नंतर बघू. घरी द्यायला काही नाही, उलट मीच चार पैसे पाठवावेत अशी वाट बघतात. माझ्यासारखीला पैसे देऊन कोण घेईल?’

लेकी, तुझं पत्र दोनदा वाचलं. शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचे सगळे त्यालाच लटकलेत.

घेतात. पैसे देऊन घेतात. विज्ञानातली पीएचडी हे काम आहे आणि त्या कामाला आपल्या देशात दरमहा मानधन आहे. सीएसआयआर-नेट या देशपातळीवरच्या परीक्षेत जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप मिळाली तर पहिली २ वर्षं महिन्याला ३७,००० रुपये आणि पुढे एसआरएफ, म्हणजे तिचीच वरची पायरी झाल्यावर ४२,००० रुपये मिळतात. हे दर १ जानेवारी २०२३ पासून लागू झाले. शहराप्रमाणे घरभाडं वेगळं. परीक्षा साधारण वर्षातून दोनदा होते. तुझे ६८ टक्के पुरेसे आहेत, आणि मुलींना जेआरएफच्या वयात ५ वर्षांची सूट आहे. म्हणजे एका वेळेस नाही जमलं तर दुसऱ्या, तिसऱ्या वेळेस बसायला तुझ्याकडे वेळ आहे. घरच्यांना हा आकडा स्पष्ट सांग. पीएचडी म्हणजे अजून पाच वर्षं बसून खाणं, असं त्यांना वाटत असणार. भावाच्या बोलण्यामागे ती काळजी आहे, त्याचा राग धरू नकोस. ३७,००० म्हटल्यावर त्याचा सूर बदलेल.

आता त्या सरांचं. त्यांचा हेतू वाईट असेलच असं मी म्हणत नाही. पण ‘आधी नोंदणी, फेलोशिप नंतर’ या वाटेनं गेलेल्या मुली मी तीस वर्षं शिकवताना पाहिल्या. नोंदणी होते, फी भरली जाते, मग विभागात तास घ्यायचे, पेपर तपासायचे, सरांच्या मुलीच्या लग्नाच्या पत्रिका वाटायच्या. संशोधनाला रसायनं नसतात, कारण पैसे नसतात. तिसऱ्या वर्षी घरचे लग्नाचं बघतात आणि प्रबंध कपाटात जातो. माझी स्वतःची पीएचडी फेलोशिपशिवाय झाली आणि तिला अकरा वर्षं लागली. रात्री नऊनंतर प्रयोगशाळेची चावी मिळायची, तेवढाच माझा वेळ. त्या अकरा वर्षांचं कौतुक मला कुणी केलं तर आवडत नाही. ती निम्म्या काळात व्हायला हवी होती. म्हणून तुला सांगते, फेलोशिप हातात नसताना नोंदणी करू नकोस. सरांना नम्रपणे सांग, ‘सर, मी आधी नेट देते.’ विद्यापीठाच्या आसपास ‘सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) लिहून देतो, फेलोशिप बसवून देतो’ म्हणणारी दुकानं भेटतील. तिथे एक रुपया देऊ नकोस.

नेटचा अभ्यास कसा करायचा यावर पुस्तकं भरपूर आहेत, पण आपल्याकडच्या मुलांचे गुण नेमके कुठे जातात ते सांगते. लाइफ सायन्सेसच्या पेपरात १४५ प्रश्न असतात, सोडवायचे ७५, वेळ ३ तास, एकूण २०० गुण. त्यातले १०० गुण एकट्या ‘सी’ भागाचे. तिथे ७५ प्रश्नांपैकी २५ सोडवायचे, प्रत्येकी ४ गुण. चुकलं तर त्या प्रश्नाच्या गुणांच्या पाव, म्हणजे इथे १ गुण कापतात. म्हणजे सगळा अभ्यासक्रम पाठ करायची गरजच नाही, सहा-सात घटक पक्के लागतात. तुझं प्राणिशास्त्र आहे, तर शरीरक्रिया, विकास-जीवशास्त्र, पर्यावरण, उत्क्रांती हे तुझे घटक. त्याला अभ्यासक्रमातला क्रमांक चारचा, पेशीसंवादाचा घटक जोड. कॅन्सर त्याच घटकात येतो: ऑन्कोजीन (कॅन्सर घडवणारी जनुकं), ट्यूमर सप्रेसर (तो रोखणारी जनुकं), पेशीचक्र, विषाणूमुळे होणारा कॅन्सर, मेटास्टॅसिस (कॅन्सरचं शरीरात पसरणं).

पण ‘सी’ भागात व्याख्या विचारत नाहीत. तिथे प्रयोगाचा निकाल देतात आणि त्यातून काय निघतं ते विचारतात. वेस्टर्न ब्लॉटचं, म्हणजे प्रथिनं ओळखायच्या चाचणीचं चित्र असतं, चार पट्टे, एक पट्टा गायब, का ते ओळखा. आपल्या बऱ्याच कॉलेजांत मुलांनी वेस्टर्न ब्लॉट फक्त झेरॉक्सवर पाहिलेला असतो. अँटिबॉडी महाग, फ्रीजची लाइट जाते, एक जेल वर्षातून एकदा चालतं तेही प्रॅक्टिकल परीक्षेच्या दिवशी, आणि पुढच्या बाकावरच्या चौघांनाच दिसतं. त्यात तुमचा दोष नाही. पण त्यावर उपाय आहे. दर रविवारी एक शोधनिबंध घे, फुकट उघडणारे हजारो आहेत, आणि त्यातल्या फक्त आकृत्या वहीत हाताने काढ. प्रत्येक पट्ट्याखाली मराठीत लिही: इथे काय घातलं, काय काढलं, काय दिसलं. सहा महिन्यांत पंचवीस निबंधांच्या आकृत्या होतील. माझ्या एका विद्यार्थिनीनं अशाच दोन वह्या भरल्या होत्या, शेवटी शेवटी ती निबंधाचा निष्कर्ष न वाचता आकृतीवरून सांगायची. परीक्षा इंग्रजी आणि हिंदीत असते, मराठीत नाही. तू इंग्रजीच घे. हिंदीतल्या संज्ञा आपल्याला इंग्रजीपेक्षा परक्या वाटतात.

अभ्यासाच्या त्या वर्षात घरी बसू नकोस. संशोधन संस्थांत प्रकल्पांवर नेट नसलेल्या एमएस्सींनाही सहायक म्हणून घेतात, पगार कमी असतो पण असतो, आणि ब्लॉट डोळ्यांसमोर चालतो. खारघरला ॲक्ट्रेक आहे, टाटा मेमोरियल सेंटरचीच कॅन्सर संशोधनाची संस्था. तिथल्या जाहिराती संकेतस्थळावर येतात. पीएचडीची जाहिरातही तिथेच येते, पदवी होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटची मिळते. पुण्यात विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, तिथेही कॅन्सरवर काम चालतं. मुंबईत राहायचं कुठे ही भीती तुझ्या घरात पहिली निघेल. वाशीला भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेचं मुलींसाठी वसतिगृह आहे. ही संघटना १९७३ साली उभी राहिली, ती उभी करणाऱ्यांत डॉ. कमल रणदिवे होत्या. पुण्यात जन्मलेल्या, शिकलेल्या मराठी घरातल्या या बाईंनी परळच्या कॅन्सर संशोधन केंद्रात देशातली पहिली ऊतिसंवर्धनाची, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवायची प्रयोगशाळा सुरू केली. स्तनाच्या कॅन्सरवर त्यांनी काम केलं.

आता तू जे लिहिलं नाहीस, पण ओळींमधून दिसतं, त्यावर बोलते. ‘माझ्यासारखीला’ हा शब्द. कॅन्सरचं विज्ञान मुंबई-दिल्लीचं, आपण तिथे पाहुणे, असं तुला वाटतं. मी तुला आपल्याच शेजारची गोष्ट सांगते.

बार्शी तुला माहीत आहे. जिल्हा सोलापूर, पण भूम-परंड्याच्या माणसाला दवाखाना म्हटलं की बार्शी. तिथल्या नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालयात १९८७ साली ग्रामीण भागातली देशातली पहिली कॅन्सर नोंदवही सुरू झाली. बार्शी, भूम आणि परंडा या तीन तालुक्यांतली ३४६ गावं. नोंदवही म्हणजे दवाखान्यात आलेल्यांची यादी नव्हे. गावात माणूस जायचा, पारावर बसायचा, चहा घ्यायचा, कुणाच्या अंगावर गाठ आहे का, तोंडातली जखम भरत नाही असं कुणी आहे का, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जातंय अशी कुणी बाई आहे का, हे हळूहळू काढून घ्यायचा, आणि संशयित दिसला की दवाखान्यापर्यंत आणायचा. त्या काळी खेड्यात कॅन्सर होतो का, किती होतो, याचा देशाला पत्ता नव्हता. तो या पारांवर लागला.

तिथूनच पुढे १९९९ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यात, आजच्या धाराशिवमध्ये, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची कोणती तपासणी मृत्यू टाळते, हे बघणारा मोठा अभ्यास सुरू झाला. गावांचे ५२ गट आणि ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. चार भाग केले. एका भागात हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी, एकात पेशींची, एकात गर्भाशयमुखाला पातळ ॲसेटिक ॲसिड लावून साध्या डोळ्यांनी बघायचं. या शेवटच्या पद्धतीत यंत्र लागत नाही. कापसाने ॲसिड लावायचं, एक मिनिट थांबायचं, बिघडलेला भाग पांढरा पडतो. हे काम तिथे शिकवून तयार केलेल्या नर्सबाईंनी केलं. चौथ्या भागातल्या बायकांना फक्त माहिती दिली. २००९ साली निकाल छापून आला. एचपीव्ही तपासणीच्या भागातल्या ३४,१२६ बायकांत या कॅन्सरने ३४ गेल्या. तपासणी नसलेल्या चौथ्या भागातल्या ३१,४८८ बायकांत ६४ गेल्या. आयुष्यात एकदा केलेली तपासणी मृत्यू जवळपास निम्म्यावर आणते, हे जगाला पहिल्यांदा आकड्यांत कळलं ते आपल्या बायकांमुळे. चौथ्या भागातल्या बायकांना तपासणीशिवाय ठेवलं यावर पुढे टीका झाली, आणि ती टीका मला योग्य वाटते. त्या ६४ जणींचा विचार माझ्या मनातून जात नाही. २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटना एचपीव्ही तपासणीलाच पहिली पसंती द्या म्हणते. त्याच्या मुळाशी जो पुरावा आहे त्यात धाराशिव जिल्ह्यातल्या बायकांनी दिलेले नमुने आहेत.

म्हणजे आपल्या बायकांचे नमुने प्रयोगशाळेत पोचून पंचवीस वर्षं झाली. तिथे काम करायला आपल्या मुली फार थोड्या पोचल्या. तू मागतेस ती जागा उपकाराची नाही.

आणि तुझ्या याडीचं. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी केली. ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. तुझी याडी त्या तेरा हजारांतली एक. तिच्या केसमध्ये काय होतं ते कागद न बघता मी सांगू शकत नाही. पण तू प्राणिशास्त्राची आहेस म्हणून एवढं सांगते: पांढरं जाणं हे बहुतेक वेळा साध्या जंतुसंसर्गाचं लक्षण असतं, औषधानं बरं होणारं. एचपीव्हीची लागण झाल्यापासून कॅन्सर होईपर्यंत बहुधा दहा-वीस वर्षं जातात, आणि या मधल्या काळात बिघडलेला भाग तेवढाच गोठवून किंवा जाळून काढता येतो. त्याला पिशवी काढावी लागत नाही. ज्या आजारासाठी एक मिनिटाची तपासणी शेजारच्या जिल्ह्यात झाली, त्याच आजाराची भीती घालून इकडे ऑपरेशनं झाली. तुला पीएचडीचा विषय शोधायला लांब जायची गरज नाही.

उलट तुझ्याकडे एक गोष्ट आहे जी पुण्या-मुंबईच्या कुठल्याच गाइडकडे नाही. तपासणीत दोष निघालेल्या बाईला पुन्हा बोलवावं लागतं. ती जानेवारीत कुठे असते? तांड्यावर कुलूप असतं, बाई कर्नाटकात नाहीतर कोल्हापुरात फडावर, कोपीत. पट्टा पडल्याशिवाय, म्हणजे हंगाम संपल्याशिवाय परत येत नाही. एचपीव्हीचा नमुना बाईला स्वतःचा स्वतः घेता येतो, मग तो फडावर घेता येईल का? टोळीबरोबर मुकादमाच्या हाती तिचं तपासणीचं कार्ड जाईल का, की त्यात तिची बदनामी होईल? मुलाखतीत ‘कॅन्सरच का?’ असं विचारतील. तेव्हा रडू नकोस, आणि नुसती आईची कहाणीही सांगू नकोस. हे कॅलेंडर त्यांच्यापुढे मांड.

आता राज्याच्या फेलोशिप. तू विमुक्त जातीत येतेस, म्हणजे तुझ्यासाठी नागपूरची महाज्योती ही राज्याची संस्था. अनुसूचित जातीच्या मुलींसाठी बार्टी, आदिवासी मुलींसाठी टीआरटीआय, मराठा-कुणबी मुलींसाठी सारथी, या तिन्ही पुण्याला. यांची रक्कम जेआरएफच्या बरोबरीची धरलेली असते, पण अर्ज करायला आधी पीएचडीची नोंदणी लागते. आणि पैसा वेळेवर येईल हे धरून चालू नकोस. बार्टीच्या मुलांना आपल्या हक्कासाठी मुंबईत आझाद मैदानावर बसावं लागलं, हे सगळ्यांनी पाहिलं. म्हणून माझं म्हणणं, नेट पहिली, महाज्योती दुसरी. दोन्ही एका वेळी घेता येत नाहीत. केंद्राची ओबीसींसाठी वेगळी राष्ट्रीय फेलोशिप आहे, वर्षाला १,००० जागा, तीही नेटच्या निकालावरूनच. मुस्लिम मैत्रिणी हे वाचत असतील तर त्यांना वाईट बातमी सांगावी लागते: मौलाना आझाद फेलोशिप २०२२ मध्ये बंद केली. हा निर्णय मला तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही. त्यांच्यापैकी ज्या जाती ओबीसीत आहेत त्यांनी महाज्योतीकडे जरूर बघावं.

पुढे कधी परदेशात पीएचडीचा विचार आला तर केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती लक्षात ठेव. वर्षाला १२५ जागा, त्यातल्या ६ विमुक्त-भटक्यांसाठी आणि ४ भूमिहीन शेतमजुरांच्या व पारंपरिक कारागिरांच्या मुलांसाठी. आकडा लहान आहे, पण या जागांसाठी अर्ज करायचा असतो हे आपल्या तांड्यांवर कुणाला माहीतच नसतं.

शेवटचं काम कागदांचं, आणि इथेच सगळ्यात जास्त मुली अडकतात. राज्यात तुझी जात विमुक्त जाती ‘अ’मध्ये आहे, पण केंद्राच्या यादीत ती ओबीसीत धरतात. नेटला राज्याच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी नॉन-क्रिमीलेअर लागतं, तेही चालू आर्थिक वर्षाचं. माझी एक विद्यार्थिनी, हुशार, जेआरएफच्या ओबीसी यादीत नाव लागलेली. तिने कागद पडताळणीच्या टेबलावर ठेवला, तिथल्या बाईंनी उलटून पाहिला आणि म्हणाल्या, ‘हे तर स्टेटचं आहे.’ कागद खरा होता, शिक्का खरा होता, पण नमुना दुसरा होता. एक वर्ष गेलं. सेतूवाला विचारत नाही, तू सांग: ‘केंद्राच्या नोकरी-शिक्षणासाठीचा नमुना.’ हातात आल्यावर तिथेच उभं राहून वाच.

जात वैधता नसेल तर तीही आत्ताच लाव. त्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा पुरावा मागतात. आजोबा शाळेत गेले नसतील, तांडा जागा बदलत आला असेल. मग वडिलांच्या बाजूच्या चुलत्याची, चुलतभावाची व्हॅलिडिटी निघाली आहे का ते शोध, त्यानं काम पुष्कळ सोपं होतं. आधारवरचं, टीसीवरचं आणि जातीच्या दाखल्यावरचं नाव अक्षरन्अक्षर जुळतंय ना तेही बघ.

नॉन-क्रिमीलेअरसाठी वडिलांच्या तीन वर्षांच्या उत्पन्नाचा दाखला लागतो. त्याला तलाठ्याचा अहवाल लागतो, त्यासाठी बापूंनी स्वतः जाऊन उभं राहावं लागतं. दसरा झाला की ते टोळीबरोबर निघतील, मग एप्रिलपर्यंत सही करायला घरी कुणी नाही. तेव्हा पुस्तकं नंतर उघड. या सोमवारी बापूंना घेऊन तलाठी कार्यालयात जा, वडाप सकाळचीच पकडा. दाखले हाती आले की दोन्ही बाजूंचे फोटो काढून याच पत्त्यावर मला पाठव, नमुना बरोबर आहे का ते मी बघून कळवते.